४,२९,४९,६७,२९७ : एका दहा अंकी संख्येची पायरीपायरीने तपासणी

चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव ही संख्या कोणी कागदावर लिहून दिली आणि तिच्याविषयी काय काय सांगता येईल असे विचारले, तर आपला हात आपोआप शेवटच्या अंकाकडे, मग अंकांच्या बेरजेकडे आणि मग ३, ७, ११ असे भाग देऊन पाहण्याकडे वळतो. ही सवय वाईट नाही, पण दहा अंकी संख्येपुढे ती लवकर थकते. या संख्येचे वर्गमूळ ६५,५३६ च्या किंचित पुढे आहे आणि तिथपर्यंत ६,५४२ मूळ संख्या आहेत. एकेकीने भाग द्यायचा ठरवला तर कित्येक दिवस जातील. मोठ्या संख्येवर भागाकाराचा मारा करण्याआधी तिचा आकार वाचावा, म्हणजे विभाजक कुठे शोधायचे आणि कुठे शोधायचे नाहीत हे ती स्वतःच सांगते, असे माझे मत आहे आणि हा सगळा लेख त्याच मतावर उभा आहे.

साधने अगदी साधी लागतील: कागद, पेन्सिल आणि दहा अंक दाखवणारा कॅल्क्युलेटर. या संख्येला पुढे ‘न’ म्हणू.

पहिली पायरी : शेजारच्या संख्या पाहा

कोणतीही मोठी संख्या हाती आली की आधी तिचे वर्गमूळ काढावे. न चे वर्गमूळ ६५,५३६.०००००७… असे येते. दशांश चिन्हानंतर लगेच इतकी शून्ये दिसली की समजावे, आपण एखाद्या पूर्ण वर्गाच्या अगदी शेजारी उभे आहोत. ६५,५३६ चा वर्ग ४,२९,४९,६७,२९६ आहे, म्हणजे न त्याच्यापेक्षा बरोबर १ ने मोठी आहे. आता ६५,५३६ कडे पाहिले तर तोही २५६ चा वर्ग, २५६ हा १६ चा वर्ग, १६ हा ४ चा आणि ४ हा २ चा. म्हणून न = २ चा ३२ वा घात + १.

एवढे कळल्यावर बरेच काही एकदम उलगडते. द्विमान पद्धतीत न म्हणजे १, मग एकतीस शून्ये आणि शेवटी पुन्हा १. एकूण ३३ अंक. उलटसुलट कसेही वाचले तरी ती तीच राहते आणि हा गुण ४, १६ व २५६ या पायांतही टिकतो. संगणकाच्या ३२ बिटांच्या जागेत ती मावत नाही. तिथे जबरदस्तीने ठेवली तर सर्वांत वरचे बिट गळून पडते आणि मागे नुसता १ उरतो. हे लक्षात ठेवणे फार गरजेचे आहे, कारण न विषयीच्या आकडेमोडीत होणाऱ्या पुष्कळ चुकांचे मूळ गणितात नसून साधनाच्या मर्यादेत असते. स्प्रेडशीटमध्ये १५ अंकांपुढचे अंक शून्य होऊन बसतात आणि न चा वर्ग तर २० अंकी आहे.

आता खालची शेजारीण पाहू. न − २ म्हणजे ६५,५३६ च्या वर्गातून १ वजा, म्हणजे ६५,५३५ × ६५,५३७. त्यातील ६५,५३५ हा २५५ × २५७ आहे आणि २५५ म्हणजे ३ × ५ × १७. म्हणजे

न − २ = ३ × ५ × १७ × २५७ × ६५,५३७.

न आणि न − २ यांचा कोणताही सामाईक विभाजक त्यांच्यातील फरकाला, म्हणजे २ ला, भागणार. दोन्ही संख्या विषम आहेत, म्हणून त्यांचा मसावि १. एकही भागाकार न करता ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ या पाचही मूळ संख्या यादीतून बाद झाल्या. या पाच काही योगायोगाने आलेल्या नाहीत. २ च्या १, २, ४, ८ आणि १६ व्या घातांत १ मिळवला की त्याच मिळतात. फ्रेंच गणिती पियेर द फर्मा याने १६४० च्या सुमारास पत्रांतून असे मत मांडले होते की या क्रमातील प्रत्येक संख्या मूळ असावी. पहिल्या पाच खरोखर मूळ आहेत. न ही सहावी.

दुसरी पायरी : छोट्या मूळ संख्यांची कसोटी

इथे फार वेळ घालवू नये, पण एक युक्ती हाताशी असावी. ७ × ११ × १३ = १,००१ असल्यामुळे संख्येचे उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडून ते आलटून पालटून मिळवले आणि वजा केले, तर तिन्ही कसोट्या एकदम होतात. न चे गट ४ | २९४ | ९६७ | २९७ असे पडतात. २९७ − ९६७ + २९४ − ४ = −३८०. या −३८० ला ७ ने भागल्यास बाकी ५, ११ ने भागल्यास ५ आणि १३ ने भागल्यास १० येते. तिघांपैकी कोणीही न ला भागत नाही.

पडताळा घ्यायचा असेल तर घातांच्या बाजूने घ्यावा. २ च्या तिसऱ्या घाताला ७ ने भागल्यास बाकी १ उरते, ३२ ला ३ ने भागल्यास बाकी २ उरते, म्हणून २ च्या ३२ व्या घाताची बाकी ४ आणि न ची ५. दोन वेगळ्या वाटांनी एकच उत्तर आले की मन निर्धास्त होते.

तिसरी पायरी : मूळपणाची कसोटी, आणि तिथला सापळा

संख्या मूळ आहे की संयुक्त हे विभाजक न शोधताही तपासता येते. फर्माचे छोटे प्रमेय सांगते की प मूळ असेल आणि ती अ ला भागत नसेल, तर अ च्या (प − १) व्या घाताला प ने भागल्यास बाकी १ येते. बाकी १ आली नाही, तर प नक्की संयुक्त. बाकी १ आली, तर मात्र काहीच नक्की होत नाही आणि न हे त्याचे अत्यंत बोलके उदाहरण आहे.

अ = २ घेऊ. न = २ चा ३२ वा घात + १ असल्यामुळे त्या घाताला न ने भागल्यास बाकी −१ येते, म्हणजेच भाजकापेक्षा एक कमी. तिचा वर्ग केला की २ च्या ६४ व्या घाताची बाकी १. आता न − १ म्हणजे ६४ × ६,७१,०८,८६४, म्हणजे ६४ ची पट. म्हणून २ च्या (न − १) व्या घाताची बाकीही १ च येणार. कसोटी उत्तीर्ण झाली, पण त्यामागे मूळपणाचा काही संबंध नाही, केवळ संख्येच्या घडणीमुळे ती उत्तीर्ण झाली. अशा संख्यांना २ या पायाची आभासी मूळ संख्या म्हणतात. ज्या संख्येची घडणच २ च्या घातांवर झाली आहे तिला २ च्याच पायावर तपासू नये, हा धडा मी इथूनच घेतला.

म्हणून पाया ३ घ्यावा. पेपँ या फ्रेंच गणितीने १८७७ मध्ये फर्माच्या या कुळातील संख्यांसाठी नेमकी कसोटी दिली: ३ च्या (न − १) ÷ २ व्या घाताची बाकी −१ आली तर न मूळ, नाहीतर संयुक्त. घातांक प्रचंड दिसतो, पण तो २ चा ३१ वा घात असल्याने ३ पासून सुरुवात करून फक्त ३१ वेळा वर्ग करायचा आणि प्रत्येक वेळी न ने भागून बाकी ठेवायची. मधले गुणाकार २० अंकांपर्यंत जातात. ते सोपे करण्यासाठी गुणाकाराचे २ च्या ३२ व्या घाताने दोन भाग पाडावेत आणि खालच्या भागातून वरचा भाग वजा करावा. तो घात −१ समान असल्यामुळे हेच भागाकाराचे काम करते. शेवटी बाकी १,०३,२४,३०३ येते. ती −१ नाही. न संयुक्त आहे हे सिद्ध झाले, आणि तरीही तिचा एकही विभाजक आपल्याला अजून ठाऊक नाही.

चौथी पायरी : विभाजकाचा आकार ठरवा

हा सगळ्या तपासणीचा गाभा आहे, म्हणून इथे सावकाश जाऊ.

प ही न ला भागणारी मूळ संख्या आहे असे धरा. प ने भागल्यास २ च्या ३२ व्या घाताची बाकी −१ आणि ६४ व्या घाताची बाकी १. ज्या सर्वांत लहान घाताला बाकी १ येते तो घातांक ६४ चा विभाजक असला पाहिजे: १, २, ४, ८, १६, ३२ किंवा ६४. तो ३२ किंवा त्याहून लहान असता, तर ३२ व्या घाताचीही बाकी १ आली असती. पण ती −१ आहे, आणि प विषम असल्याने १ आणि −१ एक असू शकत नाहीत. म्हणून तो सर्वांत लहान घातांक ६४ च. दुसरीकडे, छोट्या प्रमेयानुसार (प − १) व्या घाताची बाकी १ आहे, म्हणून ६४ ने प − १ ला नि:शेष भाग जातो. अर्थात प ही ६४क + १ या आकाराची आहे, जिथे क ही कोणती तरी पूर्ण संख्या.

लेओनार्ड ऑयलर याने १७३२ मध्ये न चा विभाजक जगापुढे ठेवला आणि ६४क + १ या आकाराची सिद्धताही पुढे त्यानेच दिली. या आकाराच्या मूळ संख्या क्रमाने १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१ अशा येतात. ६,५४२ उमेदवारांपैकी पाचव्यालाच काम होते. ल्युका याने १८७८ मध्ये आणखी एक पाऊल टाकले. प ही ८ च्या पटीपेक्षा १ ने मोठी असेल तर २ ही कोणत्या तरी संख्येच्या वर्गाची बाकी असते. त्या संख्येचा १ बाकी देणारा सर्वांत लहान घातांक दुप्पट, म्हणजे १२८ होतो, आणि म्हणून प ही १२८क + १ या आकाराचीच असते. आता यादी पाहा: १२९ म्हणजे ३ × ४३, मग २५७ मूळ, ३८५ ला ५ ने भाग जातो, ५१३ ला ३ ने, आणि मग ६४१ मूळ. त्यातील २५७ तर पहिल्या पायरीतच बाद झाली होती. प्रत्यक्ष भाग देऊन पाहावी अशी पहिली संख्या ६४१.

दहा अंकी भागाकारही करायची गरज नाही. २ पासून वर्ग करत जा आणि ६४१ ने भागून बाकी ठेवा. चौथ्या घातावर १६ आणि आठव्या घातावर २५६ येतात, इथवर भागाकाराचा प्रश्नच नाही. सोळाव्या घातावर ६५,५३६ येते; ६४१ × १०२ = ६५,३८२, बाकी १५४. बत्तिसाव्या घातावर १५४ चा वर्ग २३,७१६ घ्यायचा; ६४१ × ३७ = २३,७१७. एक कमी, म्हणजे बाकी −१. त्यात १ मिळवला की शून्य. ६४१ ने न ला नि:शेष भाग जातो.

हीच गोष्ट कॅल्क्युलेटर बाजूला ठेवूनही दाखवता येते. ६४१ दोन प्रकारे लिहिता येते: ५ × १२८ + १, आणि ६२५ + १६. पहिल्या रूपावरून ५ × (२ चा सातवा घात) याची बाकी −१. त्याचा चौथा घात केल्यावर ६२५ × (२ चा अठ्ठाविसावा घात) याची बाकी १. दुसऱ्या रूपावरून ६२५ च्या जागी −१६ ठेवता येते, आणि १६ हा २ चा चौथा घात आहे. ४ आणि २८ मिळून ३२ होतात, म्हणून २ च्या ३२ व्या घाताची बाकी −१. तोंडी सांगता येणाऱ्या इतक्या छोट्या युक्तिवादाने शंभर वर्षांजवळ टिकलेली समजूत खोटी ठरते, हे मला आजही विलक्षण वाटते.

प्रत्यक्ष भाग दिल्यावर भागाकार ६७,००,४१७ येतो. पडताळा: ६७,००,४१७ × ६०० = ४,०२,०२,५०,२०० आणि ६७,००,४१७ × ४१ = २७,४७,१७,०९७; बेरीज ४,२९,४९,६७,२९७.

पाचवी पायरी : उरलेला अवयव मूळ आहे का?

पुष्कळ जण इथे थांबतात आणि काम अर्धवट राहते. ६७,००,४१७ चे वर्गमूळ २,५८८ च्या थोडे पुढे आहे. तिला भागणारी कोणतीही मूळ संख्या न लाही भागेल, म्हणून तिचाही आकार १२८क + १ असाच असला पाहिजे. २,५८८ पर्यंत अशा मूळ संख्या फक्त पाच आहेत: २५७, ६४१, ७६९, १,१५३ आणि १,४०९. त्यातील २५७ बाद आहे. उरलेल्या चौघींनी भाग दिल्यास बाक्या अनुक्रमे ४४, १२०, ३३४ आणि ६२२ येतात. चार भागाकारांत ६७,००,४१७ मूळ असल्याचे सिद्ध झाले.

म्हणून न = ६४१ × ६७,००,४१७, आणि हे अवयव अंतिम आहेत.

सहावी पायरी : अवयवांवरून आपोआप मिळणाऱ्या गोष्टी

अवयव कळले की पुढची माहिती जवळजवळ फुकट मिळते. न चे विभाजक चारच: १, ६४१, ६७,००,४१७ आणि ती स्वतः. त्यांची बेरीज ६४२ × ६७,००,४१८, म्हणजे ४,३०,१६,६८,३५६. स्वतःला वगळून उरलेल्या विभाजकांची बेरीज ६७,०१,०५९ एवढीच भरते, म्हणून न ही न्यून संख्या आहे. न पेक्षा लहान आणि तिच्याशी सहमूळ, म्हणजे १ शिवाय सामाईक विभाजक नसलेल्या, अशा संख्या ६४० × ६७,००,४१६ = ४,२८,८२,६६,२४० आहेत.

६७,००,४१६ चे अवयव १२८ × ३ × १७,४४९ असे पडतात आणि ६४० म्हणजे १२८ × ५. दोघींत १२८ सामाईक आहे, तो चौथ्या पायरीतल्या आकाराचाच पुरावा. त्यांचा लसावि ३,३५,०२,०८० आहे. न शी सहमूळ असलेल्या कोणत्याही संख्येचा ३,३५,०२,०८० वा घात केला तर न ने भागल्यावर बाकी १ च येते.

सातवी पायरी : दोन वर्गांची बेरीज

न = ६५,५३६² + १² हे आपल्याला पहिल्यापासून माहीत आहे. पण जी विषम संख्या ४क + १ आकाराच्या दोन वेगळ्या मूळ संख्यांचा गुणाकार असते, ती दोन वर्गांच्या बेरजेच्या रूपात बरोबर दोन प्रकारे लिहिता येते. मग दुसरा प्रकार कोणता?

त्यासाठी आधी दोन्ही अवयव वर्गांच्या बेरजेत मांडावे लागतात. चाचपडत शोधायची गरज नाही. हर्मिट आणि सेरे यांनी १८४८ मध्ये दाखवलेली रीत अशी: जिच्या वर्गात १ मिळवल्यास प ने भाग जातो अशी एक संख्या घ्यावी, मसावि काढताना करतो तसे प ला तिने, मग तिला बाकीने, असे भागत जावे आणि प च्या वर्गमुळापेक्षा लहान अशी पहिली बाकी आली की थांबावे. ती बाकी आणि तिच्या पुढची बाकी हीच उत्तराची जोडी. आपल्याला हवी असलेली संख्या तर न च्या रूपातच तयार आहे: ६५,५३६.

६४१ साठी ६५,५३६ च्या जागी तिची बाकी १५४ घेऊ:
६४१ = १५४ × ४ + २५
१५४ = २५ × ६ + ४
२५ चा वर्ग ६२५, तो ६४१ पेक्षा लहान. म्हणून ६४१ = २५² + ४².

आता मोठा अवयव:
६७,००,४१७ = ६५,५३६ × १०२ + १५,७४५
६५,५३६ = १५,७४५ × ४ + २,५५६
१५,७४५ = २,५५६ × ६ + ४०९
२,५५६ ही वर्गमुळाच्या, म्हणजे २,५८८ च्या आत आली. म्हणून ६७,००,४१७ = २,५५६² + ४०९². पडताळा: ६५,३३,१३६ + १,६७,२८१ = ६७,००,४१७.

खरे तर इथे थांबायचे, पण मी प्रत्येकाला हा भागाकार शेवटापर्यंत नेण्याचा आग्रह करीन. २,५५६ = ४०९ × ६ + १०२; ४०९ = १०२ × ४ + १; १०२ = १ × १०२. आलेले भागाकार क्रमाने वाचा: १०२, ४, ६, ६, ४, १०२. आरशात पाहावे तशी ही ओळ मधोमध दुमडते. ६५,५३६ च्या वर्गात १ मिळवल्यास ६७,००,४१७ ने भाग जातो, याचेच हे दृश्य रूप आहे.

आता ब्रह्मगुप्ताच्या नावाने ओळखली जाणारी नित्यसमानता वापरू. दोन वर्गांच्या बेरजांचा गुणाकार पुन्हा दोन वर्गांची बेरीज असतो आणि तो दोन रीतींनी मांडता येतो. २५ × २,५५६ = ६३,९०० आणि ४ × ४०९ = १,६३६; तसेच २५ × ४०९ = १०,२२५ आणि ४ × २,५५६ = १०,२२४. पहिल्या जोडीची बेरीज ६५,५३६ आणि दुसरीतली वजाबाकी १, ही आपली जुनीच ओळख. उलट, पहिलीत वजाबाकी केली तर ६२,२६४ आणि दुसरीत बेरीज केली तर २०,४४९:

न = ६२,२६४² + २०,४४९².

३,८७,६८,०५,६९६ + ४१,८१,६१,६०१ = ४,२९,४९,६७,२९७. आणि जाता जाता, २०,४४९ हा स्वतः १४३ चा वर्ग आहे.

आठवी पायरी : उलटा प्रवास

समजा अवयव माहीत नाहीत, पण दोन वर्गांच्या बेरजेची ही दोन रूपे हाती आहेत. ऑयलरच्या रीतीने त्यांवरून अवयव परत मिळतात. सम संख्यांमधील फरक ६५,५३६ − ६२,२६४ = ३,२७२ आणि विषम संख्यांमधील फरक २०,४४९ − १ = २०,४४८; त्यांचा मसावि ८. सम संख्यांची बेरीज १,२७,८०० आणि विषम संख्यांची बेरीज २०,४५०; त्यांचा मसावि ५०. दोन्ही मसावि निम्मे करा: ४ आणि २५. त्यांच्या वर्गांची बेरीज १६ + ६२५ = ६४१. अवयव हातात आला.

याच्या उलट, फर्माची दोन वर्गांच्या फरकाची रीत इथे अजिबात लावू नये. ती अवयव एकमेकांच्या जवळ असतील तेव्हाच उपयोगी पडते. न च्या अवयवांची सरासरी ३३,५०,५२९ आहे आणि शोध ६५,५३७ पासून सुरू होतो, म्हणजे ३२,८४,९९३ वेळा वर्गमूळ तपासावे लागेल. पद्धत चांगली असणे वेगळे आणि ती समोरच्या संख्येला लागू असणे वेगळे.

नववी पायरी : दशांश रूप, त्रिकोण आणि बहुभुज

१ ला ६४१ ने भागल्यावर दशांशांचे आवर्तन ३२ अंकांचे येते: ०.००१५६००६२४०२४९६०९९८४३९९३७५९७५०३९, आणि पुन्हा तेच. पहिल्या सोळा अंकांखाली पुढचे सोळा मांडून बेरीज केली तर सगळीकडे ९ च येतात. कारण तेच जुने आहे: १० च्या आठव्या घाताची बाकी १५४ आणि सोळाव्या घाताची बाकी −१, म्हणजे चौथ्या पायरीतल्या शेवटच्या दोन ओळी इथे जशाच्या तशा परत येतात.

काटकोन त्रिकोणाचा कर्ण म्हणून न घेतली तर बाजू १,३१,०७२ आणि ४,२९,४९,६७,२९५ अशा मिळतात. दुसरी बाजू म्हणजे आपली न − २.

याच शेजारणीचा आणखी एक संबंध गाउसपर्यंत जातो. १७९६ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, त्याने सतरा बाजूंचा सुसम बहुभुज केवळ पट्टी आणि कंपासने काढता येतो हे दाखवले. विषम संख्येच्या बाबतीत हे तेव्हाच शक्य होते, जेव्हा ती संख्या फर्माच्या कुळातील वेगवेगळ्या मूळ संख्यांचा गुणाकार असते. न − २ ही त्या पाचही ज्ञात मूळ संख्यांचा गुणाकार आहे, म्हणून रचना करता येणाऱ्या बहुभुजांत बाजूंची ज्ञात असलेली सर्वांत मोठी विषम संख्या तीच. न बाजूंचा बहुभुज मात्र काढता येत नाही. ६४१ आडवी येते.

दहावी पायरी : हीच रीत पुढच्या संख्येवर

या कुळातली पुढची संख्या म्हणजे २ चा ६४ वा घात + १, वीस अंकी. तिचे अवयव लाँद्री याने १८८० मध्ये काढले: २,७४,१७७ × ६,७२,८०,४२,१३,१०,७२१. इथे विभाजकाचा आकार २५६क + १ होतो आणि २,७४,१७७ म्हणजे २५६ × १,०७१ + १. वीस अंकी भागाकार न करता हा विभाजक तपासायचा असेल तर चौथी पायरी जशीच्या तशी करावी. सोळाव्या घातावर ६५,५३६ आहे, ती भाजकापेक्षा लहानच. बत्तिसाव्या घातावर ४,२९,४९,६७,२९६, म्हणजे न − १, ला २,७४,१७७ ने भागल्यास बाकी २,५८,७६८ उरते; भाजक वजा करून ती −१५,४०९ अशी लिहावी, म्हणजे पुढचा वर्ग लहान राहतो. १५,४०९ चा वर्ग २३,७४,३७,२८१ आहे, आणि २,७४,१७७ × ८६६ = २३,७४,३७,२८२. एक कमी, म्हणजे चौसष्टाव्या घाताची बाकी −१; त्यात १ मिळवला की शून्य.